उजव्या हाताचा ग्लोव्ह

महादूदादा,

मी ड्युटीला निघालो, बस आली. डब्यात आमटी-भात कालवून ठेवलाय. कंपनीच्या शारजाच्या ऑफिसातून सूर्यकांतसाहेब चारला रूमवर येऊन तुझा अपंगत्वाच्या क्लेमचा फॉर्म भरतील. प्रेस मशीनमध्ये उजवा हात गेल्यापासून तुला काय काय जमत नाही, ते मी रोज वहीत लिहिलंय. तेच दाखव. लाजून 'होतं हो हळूहळू' म्हणालास की क्लेम खलास.

आणखी एक. सकाळी वही उघडली, तर 'बटण लावता येत नाही', 'पीठ मळता येत नाही', अशा प्रत्येक ओळीखाली 'येतं' लिहिलेलं. अक्षर तुझंच, अपघाताआधीचं. डाव्या हाताने तर तुला रेघसुद्धा धड मारता येत नाही. मग उशाखाली तू जपून ठेवलेला उजवा ग्लोव्ह बघितला. त्याच्या बोटांना शाई होती, ओली.

ती पानं मी नव्याने लिहून काढलीत. ग्लोव्ह माझ्या पेटीत आहे, किल्ली माझ्याकडे. आतून ठोकल्याचा आवाज आला तर घाबरू नकोस, आणि कळवळूही नकोस. फॉर्म जाईपर्यंत तरी तो हात गेलेलाच राहू दे.

रामेश्वर