न दिसणारा रफू

३ जून

पदवीचं प्रमाणपत्र पोस्टाने आलं. सही घेताना पोस्टमनने पाकिटावरचं विद्यापीठाचं नाव वाचलं आणि एकदम अदबीने विचारलं, "मुलीचं का?"

मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मला मुलगी नाही.

५ जून

आमच्या वर्गात अकरा जण. विषय जुन्या वस्त्रांचं जतन. दहा जण कामाला लागले. वर्गातल्या चष्मेवालीचा काल फोन आला होता, "मावशी, तुमचं काय झालं?" पहिल्या महिन्यात मॅडम म्हणायची, मग ताई, मग मावशी. पदवीदानाच्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या मलाच. अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढ्या मोठ्या विद्यापीठातून पास झाले म्हणून. टाळ्या वाजवून सगळे आपापल्या गावी गेले.

आज सतरावा अर्ज पाठवला. जन्मसाल निवडायला यादी खाली सरकवत न्यावी लागते. सरकवते, सरकवते... माझं साल येईपर्यंत बोट दुखतं.

१२ जून

एका ठिकाणाहून उत्तर. "आमची टीम तरुण आहे." एवढंच. खाली शुभेच्छा.

२० जून

मुलाचा फोन. त्याचं म्हणणं आहे, हे गेल्यापासून मी दोन वर्षं अभ्यासात काढली ते चांगलंच झालं, पण आता पुरे. "आई, ऑगस्टअखेरपर्यंत बघ. नाहीतर इकडे ये. मागची खोली रिकामी करतोय, शिलाई मशीन तेवढं हलवायचंय." मागून सूनबाई, "आईंना उन्हाची खोली द्या हो, ती मागची नको." दोघंही मायाळू आहेत. मी म्हटलं, ठरलं.

फोन ठेवल्यावर घरभर हिंडले. कुठल्या खुर्चीवर बसायचं तेच सुचेना. त्यांची खुर्ची, माझी खुर्ची, पाहुण्यांच्या दोन. चारही रिकाम्या.

तिकडे गेले की मी कुणाची तरी आई, कुणाची सासू. वाईट काय त्यात? काही नाही. पण या दोन वर्षांत कुणीतरी मला माझ्या हजेरी क्रमांकाने ओळखत होतं. अकरा नंबर. त्याची सवय लागली.

९ जुलै

संग्रहालयातून बोलावणं! पुढच्या गुरुवारी. मुलाखत आणि हाताची परीक्षा. जागा एकच.

१६ जुलै

सगळं लिहून ठेवते, नाहीतर झोप लागायची नाही.

दारातल्या बाईंनी मला बाकावर बसवलं. "मुलीला आत पाठवा, तुम्ही इथे थांबा. पाणी हवंय का?" मी म्हटलं, मुलगी मीच. त्या हसल्या, मग ओशाळल्या, मग खरंच पाणी आणून दिलं.

परीक्षेत प्रत्येकाला जुन्या तागाच्या कापडाचा तुकडा दिला, कडा दुमडून शिवलेल्या, मधोमध रुपयाएवढं भोक. वेळ तीन तास. नियम मला पाठ आहे, पेपरात पूर्ण गुण मिळाले होते. दुरुस्ती लांबून खुपू नये, पण जवळून ओळखू यावी. वेगळ्या धाग्याने करावी. मूळ कापडाचा एक तंतूही काढू नये. म्हणजे पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला जुनं कुठलं, नवं कुठलं ते कळेल.

आणि मी काय केलं? सुई हातात घेतली आणि शाळेत गेले. तो लांबट वर्ग, उंच खिडक्या, डिंकाचा आणि धुतलेल्या फरशीचा वास. शिवणाच्या सिस्टर मागून येऊन उभ्या राहायच्या. पावलं वाजायची नाहीत, फक्त कमरेच्या किल्ल्या. "डोळे मिट. बोट फिरव. सापडला रफू? मग उसव." धागा बाहेरचा घ्यायचा नाही, कापडाच्याच शिवणीतून काढायचा. आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत दर शुक्रवारी. माझा रफू सापडेनासा झाला त्या दिवशी सिस्टरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तसा हात मग फार वर्षं कुणी ठेवला नाही.

तीन तास संपले तेव्हा कापडावर भोक नव्हतं. शिवणीतले सव्वीस धागे काढले होते. मूळ कापडाचे! मेज सोडताना लक्षात आलं.

१७ जुलै

कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "दोन वर्षं फी भरून शाळेतच गेलीस की गं परत." आणि चहा टाकला असता.

३० जुलै

काही नाही.

६ ऑगस्ट

पत्र आलं. तीनदा वाचलं. "आपणांस देण्यात आलेला फाटका नमुना परत मिळालेला नाही. आपण जमा केलेले कापड अखंड आहे. खुलासा करावा."

कापड बदललं असं वाटतंय त्यांना. चोरी म्हणा ना सरळ.

८ ऑगस्ट

गेले. विभागप्रमुख बाई माझ्याच वयाच्या असतील, केस अगदी बारीक कापलेले, गळ्यात भिंग. टेबलावर माझं कापड आणि शेजारी भोक असतानाचा फोटो. "हे ते नव्हे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः भिंगातून पाहिलं."

मी डोळे मिटले. बोट फिरवलं. किंचित जाड लागतं, कागदावर पेन्सिलीची रेघ लागते तेवढंच. तिथे सुई घातली आणि एकेक धागा काढत गेले. वीस मिनिटं लागली. भोक उघडं पडलं. फोटोतलंच. सव्वीस धागे ओळीने मांडून ठेवले.

"कुठे शिकलात हे?"

"शाळेत."

"विद्यापीठात नाही?"

"विद्यापीठात हे करू नका असं शिकवलं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबरच शिकवलं. शिवणीतून धागे काढणाऱ्या माणसाच्या हातात मी आमची कापडं देऊ शकत नाही. तुम्हाला कळतंय ना?"

कळतंय म्हटलं. खरंच कळत होतं. चोर नाही एवढं ठरलं, आणि जागा गेली. दारातल्या बाईंनी "झालं का काम?" विचारलं. मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच ठाऊक नाही.

१९ ऑगस्ट

पुस्तकांचं एक खोकं बांधलं. सुतळी संपली.

२२ ऑगस्ट

मुलगा विचारतो, उशी मऊ हवी की कडक. रडू आलं. मऊ म्हणून सांगितलं.

२६ ऑगस्ट

विभागप्रमुख बाईंचा स्वतःचा फोन. नमस्कार वगैरे काही नाही, सरळ विषय. "त्या दिवसापासून मला चैन नाही. आमच्या कपाटांत तीनशे बारा कापडं आहेत, रजिस्टरमध्ये प्रत्येकापुढे लिहिलंय, अखंड. मीच लिहिलंय, भिंगातून बघून. आता माझा माझ्या लिहिण्यावर विश्वास नाही. दुरुस्ती करायची नाही. सुई आणायचीसुद्धा नाही. फक्त शोधायचं, कुठे कुणी रफू केलाय. दोन वर्षांचं काम आहे. याल?"

मी विचारलं, "कधीपासून?"

मुलाला कळवलं. म्हणाला, "मग उशी?" म्हटलं, राहू दे, दिवाणावर ठेव, मी सुट्टीत येईन. शिलाई मशीन होतं तिथे आण परत.

२ सप्टेंबर

बाळाचं पांघरूण, शंभर वर्षांहून जुनं. रजिस्टरमध्ये अखंड. डोळे मिटले, बोट तिसऱ्या कोपऱ्यात एका रफूवर अडलं. तिथे कुणी आजवर थांबलं नव्हतं. मी बराच वेळ थांबले. टाके उलट्या अंगाने आलेले. डावखुरी होती ती.