पाकिटावरचा पत्ता

नाशिकरोड, ३ जून २०२४

ती. कारभारीदादांस,
धम्मपालचा सविनय जय भीम, वि. वि.

हे पत्र आणणारी पायल माझी विद्यार्थिनी. वय एकोणीस. पियानोवरच्या जॅझमध्ये मला जे साधायला पंचवीस वर्षे लागली, ते तिला आताच साधते. चेन्नईच्या एका संगीत महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला आहे. घरच्यांनी मात्र लग्न ठरवले. ती नको म्हणाली तेव्हा भाऊ संतोष याने तिला द्राक्षबागेच्या तारेने मारले. पाठ वहिनींनी पाहावी, तुम्ही पाहू नये.

आठ तारखेला तिला मनमाडहून गाडीत बसवून द्यावे. संतोषच्या ओळखी कुठवर आहेत ठाऊक नाही, म्हणून फोन करू नका. पोचल्याचे पत्र टाका.

माया आहे तशीच ठेवावी.
आपला, धम्मपाल

---

मनमाड, ४ जून २०२४

चि. धम्मपाल यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

मुलगी काल सायंकाळी सव्वासहाला सुखरूप पोचली. पाठ पाहिल्यावर तुझ्या वहिनीने दार लावून घेतले आणि हळदीचा लेप लावत बसली. तुझ्या पत्रात गाडीचे नाव नाही, वेळ नाही. रेल्वेच्या पार्सल कार्यालयात तेहतीस वर्षे काढलेल्या माणसाकडे कोणी अशी अर्धवट चिठ्ठी पाठवत नाही. मी चौकशी करून शनिवारचे तिकीट काढले आहे.

मालधक्क्यावर पोती वाहणाऱ्या बाबांनी तुला पेटी घेऊन दिली ती आंबेडकरी जलशात गाण्या-वाजवण्यासाठी. तू चर्चमधल्या पियानोच्या नादी लागलास, मुंबईच्या हॉटेलांत पंधरा वर्षे लोकांच्या जेवणामागे वाजवत बसलास, परत येऊन शिकवण्या धरल्यास. यातले काहीच मला पसंत नव्हते. काल पायलने तुझी 'मालधक्का' ही रचना आमच्या जेवणाच्या टेबलावर, नुसत्या लाकडावर, बोटांनी वाजवून दाखवली. तिच्या डाव्या हाताखाली पोती पडत होती. मी उठून अंगणात गेलो.

पाकिटावर पाठवणारा म्हणून माझे नाव, घर क्रमांक, गल्ली, पिनकोड सारे लिहिले आहे. पत्र गहाळ होऊ नये.

लोभ आहेच, उत्तरात तो तारखेसह दिसावा.
तुझा, कारभारीदादा

---

नाशिक, रुग्णालय, १२ जून २०२४

ती. कारभारीदादांस,
सविनय जय भीम, वि. वि.

अक्षर शेजारच्या संजनाचे आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत.

शनिवारी दुपारी संतोष दोघांना घेऊन आला. बहीण कुठे आहे, एवढाच त्याचा प्रश्न होता. आधी तोंडावर मारले. मग दोघांनी उजवा हात पियानोच्या कडेवर दाबून धरला आणि संतोषने एकेका बोटावर झाकण आपटले. प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारी. जोडीला, आमच्या घरच्या पोरीला वाजवायला शिकवायची तुमची लायकी काय, हेही विचारी. तीन बोटे गेली. मी बोललो नाही, दादा; ओरडलो पुष्कळ. चौथ्या वेळी झाकण उचलताना त्याची नजर पियानोवर ठेवलेल्या तुमच्या पाकिटावर गेली. त्याने पत्ता मोठ्याने वाचला, पिनकोडसकट, आणि हसला.

पाकीट मी फाडून टाकायला हवे होते. चूक माझी. संजनाला मी सापडलो तेव्हा दोन तास उलटले होते. तिने तुम्हाला लगेच फोन केला. पुढचे वहिनी सांगत नाहीत. पायल गाडीत बसली, एवढेच म्हणतात. तुम्ही सविस्तर लिहावे.

आपला, धम्मपाल

---

मनमाड, १४ जून २०२४

चि. धम्मपाल यास,
आशीर्वाद व जय भीम.

संजनाचा फोन आला तेव्हा दारावर लाथा बसत होत्या. पायलला मी मागच्या दाराने स्टेशनकडे पिटाळले. तेवढ्यात कडी तुटली. संतोषच्या हातात कोयता होता. तो मागच्या दाराकडे निघाला तशी तुझी वहिनी आडवी झाली. त्याने तिला केसांना धरून चुलीच्या ओट्यावर आपटले. कपाळाला सात टाके आहेत.

मी दाराचा लोखंडी अडसर घेतला. आयुष्यात मी कोणावर हात उगारलेला नाही, हे तू जाणतोस. मी एकूण तीन वेळा मारले. पहिला घाव खांद्यावर; त्याने वहिनीला सोडले. दुसरा मनगटावर, कोयता पडला. तोही पडला, आणि हे पाहून त्याचे दोघे साथीदार पळाले. इथे थांबायला हवे होते. त्याचा पंजा फरशीवर उघडा पडला होता. तो दादा, दादा, नका, असे म्हणत होता. मी नेम धरला आणि तिसरा घाव बोटांवर घातला.

वकील म्हणतात, तिन्ही घाव बचावाचेच सांगा. तिसरा बचावाचा नव्हता. तो पत्ता माझ्या हातचा होता, धम्मपाल. जबाबात काय लिहावे, ते तू सांग. तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही.

तुझा, कारभारीदादा

---

नाशिक, १८ जून २०२४

ती. दादांस,
सविनय जय भीम, वि. वि.

पायलचा चेन्नईहून फोन आला. महाविद्यालयात तिला वाजवायला बसवले. तिने वाजवले आणि प्रवेश कायम झाला. माझी दोन बोटे वाकणार नाहीत, असे डॉक्टर म्हणतात. वहिनींना नमस्कार सांगा. टाके काढायला उशीर करू देऊ नका.

जबाबात तिन्ही घाव लिहा. खोटे लिहून तुम्हाला एक दिवस अन्न गोड लागणार नाही. शिक्षा झाली तर भोगू. फक्त तिसरा घाव माझ्यासाठी घातला, असे कोणाला सांगू नका.

आता सांगतो ते संजना लिहायला तयार नव्हती. तिसऱ्या घावाचे वाक्य मी तिच्याकडून चार वेळा वाचून घेतले; दर वेळी ऐकून बरे वाटले. पाचव्यांदा तिने नकार दिला.

मला दूर करू नये.
आपला, धम्मपाल