दलदलीतली शाळा आणि आमची बंद तोंडं

प्रिय सॉल्फ्रिडताई,

टोरलैवचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? बर्गनच्या पावसात उगाच हिंडू नकोस. आम्ही ठीक आहोत. म्हणजे तुझ्या वहिनीची, मागनहिल्डची, कंबर धरलीये, बोट रोज उशिरा येते आणि मला झोप लागत नाही, पण ही तक्रार नव्हे. काही मागायला पत्र लिहितोय असंही समजू नकोस. धाकट्या भावाने खुशाली कळवावी, इतकंच.

तर, आपली शाळा बंद करायचं घाटतंय. (आपली म्हणजे तीच, दलदलीतली. हेल्लेवागकर म्हणाले शाळा आमच्याकडे, स्ट्रुम्मेकर म्हणाले आमच्याकडे. शेवटी जिथे कुणीच राहत नाही अशा चिखलात ती बांधली आणि दोन्ही गावं खूश झाली, कारण समोरच्यांना मिळाली नाही.) तेव्हापासून ती हळूहळू खचतेय. दर हिवाळ्याच्या तोंडावर व्यायामशाळेचं दार अडकतं, मग स्वेर्रे रंधा घेऊन येतो. (बोटवाला स्वेर्रे. शाळेत तुझी स्केटिंगची बुटं उचलून चालायचा तोच. अजून एकटाच आहे, पण तो विषय नको.) शाळा गेली तर पोरांना घाटापलीकडच्या शहरात बसने जावं लागेल. गेल्या हिवाळ्यात त्याच घाटात बर्फाचा कडा बसच्या अगदी पुढ्यात कोसळला. पुढच्या वर्षी आमची टिरिल शाळेत जायच्या वयाची होते. परवा जेवता जेवता तिने विचारलं, "आजोबा, त्या बसमध्ये पुढे बसलेलं बरं की मागे?" मी म्हणालो, बटाटे संपव.

आम्ही गप्प बसलो नाही हं. म्हणजे तेच तर केलं, पण ते पुढे सांगतो. शाळेचा इतिहास लिहायचं काम मी घेतलं. आयुष्यभर तिथे भूगोल शिकवला, दुसरं कोण लिहिणार? चांगला जाडजूड लिहिला. मग तो तपासायला गावकऱ्यांची समिती बसली. इथे शिकून डॉक्टर झालेल्या मुलीबद्दल लिहिलं होतं, तर तिची आईच म्हणाली, "तेवढं काढा, लोक म्हणतील मिरवतेय." गायनाचं बक्षीस काढलं, कारण त्या वर्षी दुसऱ्या शाळा आल्याच नव्हत्या. (तीन आल्या होत्या.) रस्ता बंद झाला आणि पोरं वर्गातच अडकली, तेव्हा दोन्ही गावांनी, एकमेकांशी बोलणं नसताना, एकाच रांगेत स्कीवरून सूप पोचवलं होतं, तेही काढलं. "त्यात काय विशेष?" स्वेर्रे म्हणाला. (रांगेत सगळ्यात पुढे त्याचा बाप होता.) उरलं काय, तर दलदल, दार आणि एकदा वर्गात शिरलेली मेंढी.

नगरपालिकेने ओस्लोहून एक सल्लागार बाई पाठवल्या. हेन्रिएट्टे नाव, वागायला फार गोड. सभा व्यायामशाळेत होती. दोन्ही गावं झाडून आली होती, वाफल होते, तपकिरी चीज होतं, कॉफी ओसंडत होती, आणि सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले. बाईंनी मांडीवर संगणक उघडला आणि विचारलं, "ही शाळा तुमच्यासाठी किती महत्त्वाची आहे?"

ताई, कॉफीच्या थर्मासचा पंप ठिबकत होता तेवढाच आवाज. शेवटी स्वेर्रे उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "अगदीच वाईट नाहीये." आणि बसला. सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींचे डोळे पाणावले! आपल्याकडे याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं केलंय? माझ्या लग्नात मागनहिल्डबद्दल तिचा बाप एवढंच बोलला होता आणि बायका रडल्या होत्या. पण बाई ओस्लोच्या. त्यांनी टकटक करून काहीतरी टिपलं. मग त्यांनी डॉक्टरच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "शिकली पोरगी. कुठेही शिकली असती." आणखी टकटक. मग मला इतिहास वाचायला सांगितलं. सुपाचं पान माझ्या खिशात होतं, हात खिशाकडे गेलाही होता. समोर पाहिलं, तर दोन्ही गावं बुटांकडे बघत होती. मी मेंढी वाचली.

अहवाल आला. त्यात लिहिलंय की स्थानिकांना शाळेबद्दल विशेष आस्था दिसत नाही. आम्ही तो त्याच व्यायामशाळेत उभ्याने ऐकला. कप विसळले, खुर्च्या रचल्या. स्वेर्रेने रंधा काढला आणि दाराला मारत बसला. जी शाळा आता बंद होणार, तिचं दार नीट लागावं म्हणून! मला ते बघवेना, ताई. मी बाहेर जाऊन चिखलात उभा राहिलो.

असो. तब्येतीला जप.

तुझा,
टोरलैव

ता. क. मंगळवारी नगरपालिकेत मतदान आहे. त्याआधी गावातर्फे एका माणसाला बोलू देणार आहेत. कोण बोलणार म्हटल्यावर पुन्हा सगळे बुटांकडे बघू लागले.

ता. क. २. आईच्या साठीला तू तुझ्या हॉटेलच्या झुंबरांबद्दल जेवण संपेपर्यंत बोलत होतीस, आठवतं? गाव अजून ते विसरलेलं नाही. तो लाल कोट अजून आहे का? असला तर घालूनच ये. सोमवारच्या बोटीने निघ. सुपाचं पान सोबत जोडलंय. त्यात हवी तेवढी भर घाल, आम्ही कुणी हरकत घेणार नाही.

ता. क. ३. बोलायला तुझं नाव मागनहिल्डने सुचवलं. मग स्वेर्रे टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "सॉल्फ्रिड ना? ती अगदीच वाईट नाहीये." एकानेही विरोध केला नाही. आणि ताई, तो लगेच खाली बसलासुद्धा नाही.