उठाव, तीन अक्षरी

आबा, मी हल्ली एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीसाठी शब्दकोडी तयार करते. आज लिहिलं, 'बंडातही असतो, बाजारात मालालाही असतो, लाकडी ठशावरही असतो, तीन अक्षरं.' उत्तर उठाव. आणि पुढं काही सुचेना.

सांगलीच्या छापखान्यात तुम्ही लग्नपत्रिकांसाठी ठसे कोरायचात. शाळा सुटली की मी तिथं यायचे. तुमच्या बाजूला पेपरातलं कोडं, हातात सागवानाचा तुकडा, त्यावर उलटी अक्षरं. एकदा मी हौसेनं माझं नाव कोरलं, सुलट. कागदावर ते उलटं उमटलं. "लाकूड वाया घालवलंस की गं," तुम्ही रागावलात. "आपुन कागदाच्या बाजूनं बघायचं असतंय." मग त्याच तुकड्याच्या पाठीवर स्वतः माझं नाव कोरून दिलंत.

तुमची उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, तेव्हा मी कोयनानगरहून रजा टाकून आले. रोज सकाळी तुम्हाला कोडं वाचून दाखवायचे. तुम्ही डाव्या हातानं चिठ्ठीवर काहीतरी गिरवायचात. एक अक्षर लागायचं नाही. तीन आठवडे असं चाललं. शेवटी मी आईला म्हणाले, "आबांना आता काय कळत न्हाई." तुमच्यासमोरच म्हणाले.

त्या दिवशी मी विचारलं होतं, 'ठशाचा उंच भाग, दोन अक्षरं.' तुम्ही लिहिलेली चिठ्ठी घेऊन मी उठले. आई आरशासमोर कुंकू लावतेय. माझ्या हातातला कागद तिला आरशात दिसतो आणि तिचं बोट कपाळावरच थांबतं. "आगं, ह्ये तर सुलट हाय! वाच की!" मी वळून आरशात बघते. 'उठाव. तीन घरं पायजेत. कोडं चुकलंय.'

जन्मभर उलटं कोरलेलं, डावा हात त्याच वाटेनं गेला होता. मी तुमच्याकडं पाहिलं, तर तुम्ही पोरीपुढं हार मानल्यासारखा डावा हात कपाळावर मारून घेतलात आणि अर्ध्या तोंडानं हसलात. पुढचे चार महिने आरसा तुमच्या उशाशीच होता. आपण किती भांडलो त्या कोड्यांवरून.

हे पत्र कुठं टाकायचं, मला ठाऊक नाही. पण एक सांगायचं राहिलंय. तुम्ही मागच्या सगळ्या चिठ्ठ्या मागितल्यात, तेव्हा मी म्हणाले, "हायत, नीट ठेवल्यात." नव्हत्या, आबा. रोज सकाळी त्यांनीच मी बंब पेटवत होते.