युरियाच्या बोरीवर घसरगुंडी

३ डिसेंबर, मंगळवार

सुती साडी घसरत नाही! अर्ध्यातच अटकली मी. मागून एक पोट्टं येऊन पाठीले धडकलं, त्याच्या मागून दुसरं, आणि मी मधात, घाटात बंद पडलेल्या एसटीवानी. खाली माझी नात खुशी उभी, दोन्ही हात तोंडावर. "आजी, पाय मार! पाय मार!" पाय मारत मारत उतरली.

उद्या नायलॉनची नेसून पाहतो.

४ डिसेंबर, बुधवार

नायलॉनची पास! पण खाली वाळूत अशी आपटली का रात्री जेवायले बसता येईना. सुरभीनं, म्हणजे सुनेनं, विचारलं, "आई, कंबरेला काय झालं?" म्हतलं, कणकेचा डबा उचलला. तर ती नयनवरच ओरडली — आईंना जड उचलू देता, लाज नाही वाटत? आता डबा माझा ल्योक नयनच उचलते. फायदाच झाला.

७ डिसेंबर, शनिवार

नियमच तसा आहे, त्याले मी काय करू? मोठ्या बागेत पोरांचा भाग वेगळा. घसरगुंड्या, झोके, छोटी रेल्वे, पायडलच्या होड्या, सिमेंटचा डायनासोर. पण सोबत लेकरू असल्याशिवाय मोठ्या माणसाले आत घेत नाही. कॉलेजची पोट्टे-पोट्टी झोके अडवून बसत होती म्हणून पाटी लावली. फाटकावर देवराव चौकीदार, गळ्यात शिट्टी. सप्टेंबरात गावावरून आली तेव्हा एकटीच गेलती मी. म्हणे, "मावशी, लेकरू कुठं?" म्हतलं, लेकरू ऑफिसात गेलं, चौतीस वर्षाचं आहे. नाही सोडलं मेल्यानं!

तेव्हापासून खुशी माझं तिकीट. बारा वाजता शाळेतून येते, जेवते, आणि चार वाजले का मी चपला काढून ठेवतो. कधी म्हणते पोट दुखते, कधी म्हणते चित्र काढाचं आहे. सात वर्षाची पोट्टी, नखरे तर करीनच. "चाल वो माय, हवेनं पोट बरं होते," म्हणतो अन् नेतो. संध्याकाळी दोघं कामावरून आले का सांगाचं — खुशीले खेळवून आणलं. खोटं थोडीच आहे?

रविवारी मात्र दोघंही सोबत येतात. मग मी बाकावर बसून "जपून वो, खुशी!" करत राहतो. रविवार म्हणजे नुसता उपास.

११ डिसेंबर, बुधवार

हे आले होते गावावरून, तुरीच्या शेंगा घेऊन. वावर हेच पाहतात. सुरभीची बँक सुटत नाही अन् लेकराजवळ कोणी पाहिजे, म्हणून मी इथं यवतमाळले अन् हे तिकडं आर्णीच्या पुढं.

"करमते का तुले?"

"कुठं करमते! लेकरासाठी राह्यली बापा."

इतलं तोंड पाडून म्हतलं का त्यांनी चहातली साखर हलवायचीच सोडून दिली. जाताना शेंगांची बोरी मी ठेवून घेतली. युरियाची, कोरी करकरीत, हात ठेवला का सरकते. "कायले पाहिजे?" म्हणे. म्हतलं, पायपुसणं करतो.

१२ डिसेंबर, गुरुवार

अगाई गं! काय ते बोरी!!

बसली, दोन्ही टोकं पकडली, अन् सूंऽऽ! वाळूच्याही पुढं गेली मी, थेट डायनासोरच्या शेपटीपर्यंत. पदर कुठं, चप्पल कुठं! दहा मिन्टात पोरांची रांग. "आजी, मले पण बोरी! आजी, माझा नंबर!" एकटी खुशी खाली उभी राहून माझा चष्मा सांभाळून राह्यली. म्हतलं, ये ना वो. एकदा बसली, डोये गच्च मिटून. मग म्हणे, "तूच जा आजी, मी मोजतो."

देवराव शिट्टी फुंकत आला. "मावशी, हे काय चाललं?" मी डबा उघडला. मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, गरम गरम. शेपटीले टेकून डबाभर खाल्ल्या त्यानं, टरफलं खिशात भरली. मग पाटीकडं पाहून म्हणे, "बोरीचं काही लिहिलं नाही हो नियमात." शहाणा माणूस आहे.

१६ डिसेंबर, सोमवार

आज झोका. मोठा, साखळीचा. खुशीनं मागून ढकललं, मग मीच पाय मारून मारून चढवला.

नागपंचमीले निंबाले दोर बांधून आम्ही पोट्टी झोके घेत होतो, ते लग्नाच्या आधीचं. त्यानंतर झोके दिले मी. दीर-नणंदांच्या लेकरांले, माझ्या दोघांले, आता नातीले. घेतला मात्र नव्हता.

वर गेली का पोटात गोळा येते, अन् एक घडी अशी येते का कोणी मले काही मागत नाही. चहा नाही, चावी नाही, डबा नाही, औषधाची चिठ्ठी नाही. बासष्ट वर्षं झाली मले. हे मी बागेतच शिकली. हे जर सुटलं तर मी रडीन, खरंच सांगतो.

१८ डिसेंबर, बुधवार

सुटलंच! सुरभीनं क्लास लावला खुशीले. अबॅकस. मणी सरकवून गणितं करतात म्हणे. एक जानेवारीपासून रोज चार ते सहा! चारच काहून? दुपार मेली का?

"आई, तुमचीही धावपळ वाचेल," सुरभी म्हणे. किती काळजी बिचारीले.

२० डिसेंबर, शुक्रवार

रविवारी क्लासची परीक्षा आहे, पास झाली तरच घेतात. मी खुशीले गच्चीवर नेऊन समजावलं — सात अन् पाच किती विचारलं तर खिडकीबाहेर पाह्य. बोटं मोज, मग पुन्हा मोज, मग म्हण का पाणी पाहिजे. मान हलवली तिनं. हुशार आहे पोट्टी.

२२ डिसेंबर, रविवार

वीस पैकी वीस! फितूर!!

"काहून वो असं केलं?" मी कानात विचारलं.

"येत होतं ना, आजी," म्हणे. पायऱ्या नाचत चढली. नयननं पेढे आणले. मी एक खाल्ला, मग रागात अजून दोन खाल्ले.

३१ डिसेंबर, मंगळवार

शेवटचा दिवस. अकरा वेळा घसरली. बोरी धुवून वाळत घातली.

२ जानेवारी, गुरुवार

हे कोणाले सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितो.

खाली पहिल्या माळ्यावर उर्वशी राहते, तिचा चार वर्षाचा चिनू. काल रात्री डोक्यात आलं — लेकरूच पाहिजे ना? कोणाचं पाहिजे हे कुठं लिहिलं आहे? दुपारी गेली. "दे वो, चिनूले बागेत फिरवून आणतो." उर्वशी तर हात जोडायचीच बाकी होती. "काकू, रोज न्या!"

फाटकातून आरामात आत! देवराव म्हणे, "नवीन लेकरू?" म्हतलं, हाव, नातीचं काम पाहते.

चिनूले कडेवर घेऊन घसरगुंडीवर चढली, बोरी टाकली, त्याले मांडीत घेतलं. त्यानं खाली पाह्यलं. अन् जो भोंगा पसरला बापा! "मम्मीऽऽ! हे माझी आजी नाहीऽऽ!"

सारी बाग थांबली. छोटी रेल्वेही थांबली असं मले वाटते.

खाली आली तर सात-आठ बाया गोल करून उभ्या. एकीनं माझं मनगटच धरलं. "पोट्टं कोणाचं?" — "उर्वशीचं." — "तुम्ही कोण?" — "खुशीची आजी." — "मग खुशी कुठं?" — "क्लासले." जितलं खरं बोलली तितली फसत गेली. एक जण म्हणे, पोलिसाले फोन लावा. एक मोबाइल काढून शूटिंग करून राह्यला. लेकरं चोरणारी बाई! या वयात!

तितल्यात देवराव शिट्टी फुंकत धावत आला. "सोडा हो! मी ओळखतो यांना. बोरीवाल्या मावशी! महिना झाला, रोज घसरतात!"

वाचवलं त्यानं. पण बोंबलून सांगतलं ना! त्या गर्दीत सुरभीच्या बँकेतली एक बाई होती.

३ जानेवारी, शुक्रवार

बैठक झाली. मी पलंगावर, समोर नयन अन् सुरभी. लहानपणी नयननं दुकानातून चॉकलेट उचलली तेव्हा मी अशीच बसलती त्याच्यासमोर.

"आई, पडली असती तर?" विचारलं त्यानं, अन् माझ्या कंबरेकडं पाहत राह्यला. मले खरंच वाईट वाटलं. सुरभी मात्र विचार करत होती. मग म्हणे, "म्हणजे आई, तो कणकेचा डबा...?" अन् उठून सैपाकघरात गेली. तिथून तिच्या हसण्याचा आवाज आला, नळ सोडला तरी ऐकू येतच होता.

मी काही माघार घेतली नाही. म्हतलं, मले काय हौस आहे? लेकरासाठी नेत होती. बंद खोलीत लेकरू कोमेजते. विचारा खुशीले!

खुशीले बोलावलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं, मग पप्पाकडं. "हाव पप्पा. मलेच लय आवडते. मीच आजीच्या मागं लागत होती, चाल चाल म्हणून."

वाह रे माझी वाघीण! काय खोटं बोलली, पापणी नाही हलली! माझ्यावरच गेली.

६ जानेवारी, सोमवार

क्लासच्या मॅडमचा सुरभीले फोन आला. बँकेतून आल्याबरोबर माझ्याजवळ येऊन बसली, पर्सही काढली नाही खांद्यावरची. खुशीनं मॅडमले दर शुक्रवारची सुट्टी मागितली म्हणे. मॅडमनं विचारलं, खेळायला जायचं का? तर म्हणे, "नाही. मले घसरगुंडीवर चक्कर येते, झोक्याची भीती वाटते. पण मी नाही गेली तर आजीले आत घेत नाही. अन् तिथंच ती हसते."

सुरभीचे डोळे भरले होते. मले तर तोंड उचलून पाहताच आलं नाही. इतले दिवस मी समजून राह्यली का मी नातीले फिरवतो. ते सात वर्षाची पोट्टी मले फिरवत होती.