स्टिअरिंगवरचं एक बोट

सोमवार, ९ मार्च

विधानसभेचं अधिवेशन संपवून घरी आल्यावरचं पहिलं काम आज सकाळी केलं. पिकअप काढली, सावकाश हमरस्त्याने फिरलो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून दाखवलं. आमच्या भागात हाच रामराम. ज्याला बोट उचलत नाहीत तो एकतर परका, नाहीतर चोर.

एकानेही उलट बोट उचललं नाही. जाताना ऊन त्यांच्या डोळ्यांवर होतं. येताना माझ्या डोळ्यांवर होतं, म्हणजे मलाच दिसलं नसणार.

जेनेल म्हणाली, ऊन कसलं, तू शेफर्ड होमच्या विरोधात मत दिलंस ते गावाला कळलंय. बायकोला राजकारण कळत नाही. गावात म्हाताऱ्यांची देखभाल करणारं ते एकच ठिकाण, हे मलाही ठाऊक आहे. पण आईवडिलांना घराने सांभाळावं, चर्चने सांभाळावं, सरकारने नव्हे. प्रार्थना करून अनुदानवाढीच्या विरोधात मत दिलं. एप्रिलमध्ये होम बंद होतंय, त्याला मी काय करणार. लोकांना नीट समजावलं की झालं. जूनमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान आहे, तोवर भरपूर वेळ आहे.

संकल्प: रोज लोकांत मिसळायचं.

शनिवार, १४ मार्च

शाळेच्या लायब्ररीत ‘आमदार ऐकतात’ ही सभा ठेवली. कॉफी, डोनट, खुर्च्या, सगळं मी स्वतः मांडलं. कुणी आलं नाही. आपल्या शाळेच्या मुलींची आज बास्केटबॉलची राज्य स्पर्धा होती आणि अख्खं गाव तिकडे गेलं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. पोस्टर लावताना शिपाई हसला होता तो यासाठी. मनात ठेवलं आहे.

एका अर्थी बरंच झालं. ज्यांच्या तक्रारी असतात ते बास्केटबॉल बघायला जात नाहीत.

शेवटी डेल्मर टोफ्ट आला. वय ब्याऐंशी. टोपी न काढता मागच्या रांगेत बसला. त्याची बायको आर्डिस होममध्ये आहे. गावच्या शाळेत मला अक्षरओळख करून दिली ती आर्डिसबाईंनी. आता त्या कुणाला ओळखत नाहीत, आणि डेल्मरखेरीज कुणाच्या हातून जेवत नाहीत. तो रोज दुपारी चालत जाऊन त्यांना भरवतो. त्यांना दोन तासांवरच्या गावात हलवणार आहेत. त्याने एवढंच विचारलं, तिकडे तिला दुपारी भरवणार कोण? मी म्हटलं, डेल्मरकाका, हा विषय सभेत बोलायचा नाही, मी सवडीने घरी येतो. म्हणाला, ये की. घरी असतोच मी, दुपारचा तेवढा नसतो.

डोनट दोन घेऊन गेला. चांगली सुरुवात.

मंगळवार, १७ मार्च

डेल्मरकडे जाणार होतो. बर्फ पडला. फार नाही, पण अंदाज वाईट होता.

बुधवार, १८ मार्च

ईस्टरआधीच्या उपासकाळातलं बुधवारचं सूप, चर्चच्या तळघरात. ज्या टेबलावर बसलो तिथल्या सगळ्यांचं सूप एकदम संपलं. भूक लागली असणार, थंडी आहे.

कॅफेवाल्या लव्हॉनला विचारलं, अनुदानाबद्दल मी घरोघर पाठवलेलं पत्रक पोचलं का? म्हणाली, पोचलं ना, कागद छान जाड आहे हो, मांजराच्या पिल्लांना खाली घातलाय, आता चादर धुवावी लागत नाही. पलीकडचा मायरन म्हणाला, पुढच्या वेळी मऊ छापा आमदारसाहेब, माझ्याकडे वेगळं काम आहे. सगळे हसले. मीही हसलो. पत्रक घरोघर वापरात आहे.

पण चर्चमध्ये असं बोलू नये. ही माणसं परमेश्वरापुढे उभी कशी राहणार.

रविवार, २२ मार्च

संध्याकाळी डेल्मरकडे निघालो होतो. खरंच निघालो होतो. पुलाजवळ हरिण आडवं आलं. पिकअपचं तोंड आत गेलं, रेडिएटर फुटला. हरिण उठून चालतं झालं.

यात संकेत आहे, हे उघड आहे. आत्ता जाऊ नकोस, असा.

गुरुवार, २६ मार्च

जेनेलचा भाऊ रॉजर याने त्याची जुनी हिरवी पिकअप वापरायला दिली. देताना म्हणाला, ब्रेक जरा आधी दाब आणि तोंड जरा कमी उघड.

हिरव्या गाडीतून निघालो आणि काय सांगू. समोरून पहिलीच गाडी, बोट वर. दुसरी, बोट वर. धान्याचा ट्रक आला, त्याने तर अख्खा पंजा उचलला. गावाने विचार केलेला दिसतो. मत पटायला वेळ लागतो, पण पटतं.

शुक्रवार, ३ एप्रिल, गुड फ्रायडे

आठवडाभर बोटंच बोटं. रस्ता लांबवून जातो. आज दुपारच्या प्रार्थनेत माझ्या विरोधकांना मनापासून क्षमा केली. थोडेच उरले आहेत.

पंपावर मात्र मायरन लांबून हात हलवत, हसत धावत आला. काचेतून मला पाहिलं आणि वाकून टायर बघायला लागला. टायर बघून निघून गेला.

जेनेलला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, अरे, ते गाडीला बोट उचलतात. रॉजरच्या.

असं कसं. माणसाला माणूस दिसतोच की.

मंगळवार, ७ एप्रिल

रॉजरचा सकाळी फोन. आर्डिसला काल हलवलं, तिची आरामखुर्ची मागे राहिली आहे, ती खुर्ची आणि डेल्मर, दोघांना मी आज तिकडे पोचवणार होतो, पण गाडी तुझ्याकडे आहे तर आता तूच जा. मी म्हटलं, मी आजच जाणार होतो.

डेल्मर अंगणात उभा होता. लांबूनच त्याने हात वर केला. गाडी जवळ गेली तसा खाली घेतला आणि कोटाच्या खिशात घातला.

खुर्ची दोघांनी चढवली. वाटेत मी अनुदानाचा मुद्दा मांडायला घेतला. तो म्हणाला, कर्टिस, रस्त्याकडे बघ. समोरून गाड्या येत होत्या, बोटं वर होत होती. प्रत्येकाला उत्तर तो देत होता. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होतो.

पोचलो तेव्हा बारा वाजत होते. तिथली जेवणं अकराला होतात. बाईंचं ताट परत गेलं होतं. जेवल्या नाहीत, असं तिथली मुलगी म्हणाली. डेल्मरने खिशातून घरचा चमचा काढला, स्वयंपाकघर उघडतील का विचारलं. आता थेट पाचला, म्हणाली. तो चमचा हातात धरून खुर्चीत बसला. बाई दाराकडे बघत होत्या. मी दारात उभा होतो, म्हणून बाजूला झालो.

परतताना त्याच्या फाटकाशी मी म्हटलं, डेल्मरकाका, काही लागलं तर सांगा, मी संपर्कात आहे. म्हणाला, कधीही ये. आता दुपारचाही घरीच असतो. आणि जूनची काळजी करू नकोस, मत द्यायला नक्की येणार, आता वेळच वेळ आहे.

रॉजरला चाव्या परत केल्या. माझी गाडी दुरुस्त होऊन आली आहे. ती घेऊन घरी आलो. वाटेत तीन गाड्या भेटल्या. ऊन नव्हतं.

डेल्मरकडे जायचं ठरवलं होतं. जाऊन आलो.