दहा नगांत एक खराब

४ मे, सकाळी ६
पोरीचा निकाल उत्तम. कॉलेज निवडायचं काम आजपासून मी शास्त्रीय पद्धतीने हाती घेतलं. पंख्यांच्या कारखान्यात क्वालिटीला बावीस वर्षं काढलीत. न वाचता सही नाही, न तपासता शिक्का नाही. नियम इथेही तोच: दहा नगांत एक खराब, अख्खा लॉट परत.
तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यामुळे वाद घालायला तिसरं कोणी नाही.
अंतर हा मुद्दा नाही. मुद्दाम लिहून ठेवतो.

७ मे
पहिलं कॉलेज. बसने तीन तास. मुलींच्या हॉस्टेलचा नळ गळतो. रिजेक्ट. पोरगी म्हणाली, बाबा, मी नळ शिकायला जात नाहीये. मी म्हटलं, ज्यांना नळ सांभाळता येत नाही ते पोरी काय सांभाळणार? ती खिडकीबाहेर बघू लागली. पटलं असावं.

११ मे
दुसरं. चार तास. वर्गातला पंखा डगमगत होता. स्टुलावर चढून पाहिलं तर आमच्याच कारखान्याचा. तपासणीचा शिक्का माझाच. वाहतुकीत बिघडला असणार. रिजेक्ट.

१२ मे
ताईचा फोन. म्हणाली, पोरगी जवळ हवी आहे तर सरळ बोल की, नळांना कशाला बदनाम करतोस? ताईला पहिल्यापासून टेक्निकल बाजू समजत नाही.

१५ मे
पोरीला हवं ते कॉलेज. भूगर्भशास्त्र. रेल्वेने अकरा तास. जाण्याची गरज वाटली नाही, माहितीपुस्तक बघितलं. प्रत्येक फोटोत सगळे हसतायत. संशयास्पद. रिजेक्ट.
जेवताना ती बोलली नाही. मीही नाही. वरण अळणी होतं, तेही कोणी बोललं नाही.

१९ मे
घरामागचं कॉलेज. चालत नऊ मिनिटं. नळ गळतो, दोन पंखे बंद, जिन्याचा कठडा हलतो. सुधारणेला भरपूर वाव. पास! पोरगी म्हणाली, तिथे भूगर्भशास्त्र नाही, फक्त कॉमर्स आहे. मी म्हटलं, कॉमर्ससुद्धा जमिनीवरच शिकवतात. हसली नाही. विनोद चांगला होता.

२४ मे, रविवार
कारखान्याचे रिपोर्ट घरी आणले होते. पोरगी आपणहून मदतीला आली. गठ्ठा लावला, पानं उलटत गेली, मी सह्या ठोकत गेलो. अडतीस सह्या, चहा गार व्हायच्या आत. राग गेला वाटतं. गुणी पोर.

२ जून
पत्र आलं. अकरा तासवाल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. पालकाची सही: माझी.
विचारलं. म्हणाली, तो फॉर्म मी लपवला नव्हता बाबा, गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला होता. तुम्ही वाचून सही करता ना?
काही वाटलं नाही. जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

३ जून
सही रद्द करण्याबद्दल कडक पत्र लिहायचं. उद्या.

९ जून
पत्र राहिलं. तिने ट्रंक काढली. बिजागरी कुरकुरत होती, तेल घातलं. त्याचा अर्थ होकार असा होत नाही.

२१ जून
तिला पोहोचवून आलो. टॉर्च, टेस्टर, पाना बरोबर नेला होता. हॉस्टेलची खोली दीड तास तपासली. नळ ठीक. कडी लागते. पंखा दुसऱ्या कंपनीचा, आवाज नाही. पुन्हा तपासला. एकही दोष सापडला नाही. पोरगी म्हणाली, बाबा, तुमची गाडी चुकेल. दारात उभी राहून हसत होती, अगदी त्या माहितीपुस्तकातल्यासारखी.
अकरा तास लांब आहे. फार लांब आहे.

२२ जून, सकाळी
चहाला पाणी घ्यायला गेलो. स्वयंपाकघरातल्या नळाला चिंधी बांधलेली. सोडली, तर नळ गळतो. थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून तिने बांधलेली, कधीपासून कोण जाणे. चिंधी पार झिजलेली आहे.
परत बांधली. तिच्यासारखी जमली नाही. गळतोय.